एक्सप्लेनर : पेडगावहून मुंबईत आलात? भुयारी मेट्रोत पहिल्यांदा बसण्याआधी हे वाचा

परभणीहून रात्री देवगिरी एक्स्प्रेस पकडली की सकाळी मुंबईला सीएसएमटीवर उतरता येते. पेडगावहून मंत्रालयातल्या कामासाठी, मुलाखतीसाठी किंवा विमान गाठायला निघालेल्या माणसाची खरी परीक्षा तिथून पुढे सुरू होते. लोकलची गर्दी झेपत नाही आणि टॅक्सी खिशाला जड जाते. अशा वेळी भुयारी मेट्रो-३ कामाला येते.

मार्ग कोणता?
आरे ते कफ परेड हा मार्ग ३३.५ किलोमीटरचा असून त्यावर २७ स्थानके आहेत. पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि शेवटचा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला. सीएसएमटीहून कफ परेडच्या दिशेने हुतात्मा चौक, चर्चगेट आणि तिसरे स्थानक विधान भवन. मंत्रालयासाठी इथेच उतरायचे. उलट दिशेला दादर, बीकेसी आणि विमानतळ आहे.

चुकीच्या गाडीत बसलो तर?
या मार्गावर गाडी चुकत नाही, दिशा चुकते. म्हणून फलाटावर जाण्याआधी पाटीवर शेवटच्या स्थानकाचे नाव पाहा : ‘आरे’ की ‘कफ परेड’. दिशा चुकलीच तर पुढच्या स्थानकावर उतरा, गेटबाहेर न जाता कर्मचाऱ्याला विचारा आणि समोरच्या दिशेची गाडी धरा.

नावांचा घोळ कुठे होतो?
‘छत्रपती शिवाजी महाराज’ हे नाव रेल्वे टर्मिनसच्या स्थानकालाही आहे आणि विमानतळाच्या दोन स्थानकांनाही. तिकीट काढताना नुसते ‘शिवाजी महाराज’ म्हणू नका. ‘टर्मिनस’, ‘विमानतळ टी-१’ किंवा ‘विमानतळ टी-२’ असे स्पष्ट सांगा. विमान कोणत्या टर्मिनलवरून सुटते, हे विमानाच्या तिकिटावर आधीच पाहून ठेवा. मुंबई सेंट्रलला जायचे असेल तर मेट्रोच्या पाटीवर ‘जगन्नाथ शंकरशेट’ हे नाव शोधा.

तिकीट कसे काढायचे?
लोकलचे तिकीट इथे चालत नाही. खिडकीवर, यंत्रावर किंवा ॲपवर तिकीट मिळते. भाडे १० ते ७० रुपये. आत जाताना आणि बाहेर पडताना असा दोनदा क्यूआर कोड दाखवावा लागतो, त्यामुळे कागदी तिकीट फेकू नका. सामान यंत्रातून तपासले जाते. गावाकडून आणलेली सुरी, विळी पिशवीत ठेवू नका.

फोन बंद पडला तर?
पूर्ण मार्ग सुरू झाला तेव्हा जमिनीखाली मोबाइल नेटवर्क मिळत नसल्याच्या तक्रारी प्रवाशांनी केल्या होत्या. त्यामुळे खाली उतरण्याआधीच तिकीट काढा, उतरायच्या स्थानकाचे नाव कागदावर लिहा आणि घ्यायला येणाऱ्याला ‘अमुक स्थानकाच्या गेटबाहेर थांबा’ असे सांगून ठेवा. ‘पोचल्यावर फोन करतो’ हा भरवसा इथे दगा देऊ शकतो.

मग जबाबदारी फक्त प्रवाशाचीच का?
नाही. ॲप, क्यूआर आणि यंत्रे रोजच्या प्रवाशाचा वेळ वाचवतात. पण हातात साधा फोन आणि खिशात रोख पैसे असलेला माणूसही राज्याच्या राजधानीत कामासाठी येतो. त्याच्यासाठी प्रत्येक स्थानकावर रोखीने तिकीट देणारी खिडकी, मराठीत नीट उत्तर देणारा कर्मचारी आणि मोठ्या अक्षरातली दिशादर्शक पाटी कायम असली पाहिजे. जमिनीखाली खात्रीचे नेटवर्क ही आता चैन राहिलेली नाही, ती सुरक्षेची गरज आहे.

पेडगावच्या माणसाला कुणाचा हात न धरता विधान भवन स्थानकातून बाहेर पडता आले, तर ही मेट्रो फक्त मुंबईची न राहता महाराष्ट्राची झाली असे म्हणता येईल.