उंबरठ्यावरचें ग्रीनलंड

शाळेच्या भिंतीवरील नकाशांत ग्रीनलंड आपल्या देशाहून मोठें दिसतें. वस्तुतः तें लहान असून तेथील लोकवस्ती अवघी ५६-५७ हजार आहे. एवढ्या मूठभर लोकांनीं स्वतंत्र राष्ट्र होण्याची आकांक्षा धरावी, हें कित्येकांस हास्यास्पद वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं.

१७२१ सालीं हान्स एगेडे हा मिशनरी तेथें उतरला, आणि मागोमाग डेन्मार्कची सत्ता दृढ होत गेली. १९५३ त वसाहत हें नांव गेलें, १९७९ त अंतर्गत कारभार हातीं आला, व २००९ च्या स्वराज्याच्या कायद्यानें ग्रीनलंडी हीच राज्यभाषा ठरली. लोकमत घेऊन, डेन्मार्कच्या पार्लमेंटच्या संमतीनें, पूर्ण स्वतंत्र होण्याची मुभाही त्याच कायद्यांत आहे. मग दार उघडें असतां ही मंडळी उंबरठ्यावर कां थांबली, असें कोणी पुसेल. कारण पैशाचें आहे. सरकारी खजिन्याचा सुमारें अर्धा भाग डेन्मार्कच्या देणगीनें भरतो. खाणींचें उत्पन्न वाढलें, तर वर्षास साडेसात कोटी क्रोनरच्या वरील उत्पन्नाच्या निम्म्याइतकी रक्कम त्या देणगींतून वजा व्हावयाची. म्हणजे मिळविलेल्या रुपयांतले आठ आणे जणूं वाटेंतच गळावयाचे!

तरीही हा नुसता हिशेबाचा प्रश्न नव्हे. १९५१ सालीं २२ लहान मुलें आईबापांपासून काढून, 'सुधारण्या'करितां डेन्मार्कांत नेलीं. परत आलीं तीं अनाथगृहांत. कित्येकांस मातृभाषाही उरली नव्हती. डेन्मार्कच्या प्रधानमंत्र्यांनीं क्षमा मागितली ती २०२० सालीं. आमच्या वाचकांतील पालकांनीं हें वाचून क्षणभर थांबावें.

अमेरिकेच्या अध्यक्षांनीं २०१९ त व पुनः २०२५ त हें बेट घेण्याची भाषा काढली. त्या गलबल्यांतच मार्च २०२५ ची निवडणूक झाली. सावकाश स्वातंत्र्य मागणारा डेमोक्राटिट पक्ष सुमारें ३० टक्के मतें घेऊन पहिला आला. त्वरा करणारा नालेराक दुसरा. पुढें चार पक्षांनीं मिळून सरकार बनविलें, नालेराक बाहेर राहिला. याला कोणी भित्रेपणा म्हणतात. आमच्या मतें, एका धन्याच्या घरून निघून दुसऱ्याच्या ओसरीवर जाऊन बसावयाचें नाहीं, एवढें त्या मतदारांनीं ओळखलें. आम्ही तेथें असतों तर आमचेंही मत सावकाशीच्याच बाजूनें पडतें. मात्र सावकाशीच्या नांवाखालीं शाळा, बंदरें व खाणी यांचीं कामेंही रेंगाळलीं, तर पुढच्या निवडणुकींत नालेराकचें म्हणणें आम्हीं अधिक लक्ष देऊन ऐकलें असतें.