‘पाच हजार वर्षांची भांग’ आणि वेदनेचा खोटा इतिहास

१/ “पूर्वजांनी पाच हजार वर्षांपूर्वीच भांगेने वेदना जिंकली होती, इंग्रजांनी ते ज्ञान दडपले.” विजया-तेलाच्या जाहिरातींतून हा इतिहास सध्या सर्वत्र फिरतो आहे. त्यातील दोन्ही विधाने पुराव्यापुढे टिकत नाहीत, आणि त्याची किंमत जुनाट दुखण्याने गांजलेला रुग्ण मोजतो.

२/ अथर्ववेदात ‘भंग’ हे नाव येते, हे खरे. पण तेथे प्रार्थना आहे, औषधयोग नाही. चरक-सुश्रुतांतही भांगेला निर्विवाद स्थान नाही. ती स्पष्टपणे भेटते मध्ययुगीन शार्ङ्गधरसंहितेत : पचण्याआधीच शरीरभर पसरणारे ‘व्यवायी’ द्रव्य म्हणून, अफूच्या शेजारी.

३/ त्याच ग्रंथातील जातीफलादि चूर्णात भांग आहे; पण जायफळ, लवंग, वेलची अशा अनेक द्रव्यांच्या सोबतीने, आणि ग्रहणी, खोकला, दमा यांसाठी. ‘भांग घ्या, संधिवात विसरा’ हा आजच्या विक्रेत्याचा शोध आहे, शार्ङ्गधराचा नव्हे.

४/ १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता भांगेवर लिहितो. गुजरातचा सुलतान बहादूरशहा म्हणे, रात्री पोर्तुगाल वा तुर्कस्तानला जावेसे वाटले की थोडी भांग पुरे! ओर्ताच्या वर्णनाचा भर मद, भूक आणि झोप यांवर आहे.

५/ आता ‘इंग्रजांनी दडपले’ याविषयी. १८३९ साली कलकत्ता मेडिकल कॉलेजातील डॉ. विल्यम ओशॉनेसी यांनी गांजाचे प्रयोग प्रसिद्ध केले. आधी पंडित-हकिमांशी चर्चा, मग प्राण्यांवर चाचणी आणि त्यानंतर संधिवात, धनुर्वात, पिसाळरोगाचे रुग्ण. पिसाळरोगाचा रुग्ण वाचला नाही. त्याच्या यातना मात्र कमी झाल्या. ओशॉनेसींनी हा भेद लपवला नाही.

६/ १८९३-९४ च्या ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ने हजाराहून अधिक साक्षी नोंदवून सरसकट बंदी नाकारली. सरकारला गांजावरील अबकारी उत्पन्न हवेच होते. याला दडपणे कसे म्हणावे?

७/ मग हे औषध मागे का पडले? एका अर्काची ताकद दुसऱ्याशी जुळेना. ते पाण्यात विरघळत नसल्याने सुईने देता येईना. आणि तोवर मॉर्फीनची सुई व अ‍ॅस्पिरिन हाताशी आले होते. कायद्याचा बडगा त्यानंतर आला.

८/ पण बंदीवाद्यांनीही टाळ्या पिटू नयेत. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने गांजा सर्वांत कडक यादीत टाकला. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी तो त्या यादीतून काढला. भारताने बाजूने मत दिले. आपल्या १९८५ च्या कायद्यातही ‘गांजा’च्या व्याख्येत शेंड्याविना असलेली पाने येत नाहीत.

९/ आजचे वैद्यकही एकमुखी नाही. २०१७ च्या अमेरिकी अकादमींच्या अहवालाला जुनाट वेदनेबाबत भरीव पुरावा दिसला. २०१९ मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने जुनाट वेदनेसाठी टीएचसीयुक्त औषधे देऊ नयेत असे सांगितले. याउलट जुनाट कंबरदुखीसाठी व्यायाम, योग, ध्यान यांपासून सुरुवात करावी, असा सल्ला २०१७ मध्ये अमेरिकी डॉक्टरांच्या संघटनेनेच दिला.

१०/ म्हणजे ‘समग्र उपचार’ ही भांगेच्या बाटलीवरची शोभेची चिठ्ठी नव्हे. मुख्य आधार व्यायाम, निद्रा आणि मनाचा. भांगजन्य औषधाला जागा असेलच, तर वैद्याच्या देखरेखीखाली, मोजून, जोडीला. आपल्या परंपरेतही मात्रा, अनुपान आणि पथ्य यांविना औषध नव्हतेच. विक्रेते नेमके तेवढेच गाळतात.

११/ तेव्हा मित्रहो, पुढच्या वेळी ‘पाच हजार वर्षे’ ऐकू आली की तीनच प्रश्न विचारा : कोणता ग्रंथ? कोणता रोग? किती मात्रा? उत्तर मिळाले नाही, तर समोर इतिहास नसून जाहिरात आहे असे खुशाल समजा.