निवळ दिसणाऱ्या पाण्याची परीक्षा

पावसाळ्यात पैनगंगेचे गढूळ पाणी हंड्यात रात्रभर ठेवले, तरी सकाळी ते पुरते निवळत नाही, हे वाशीम जिल्ह्यातील जुन्या पिढीस सांगावयास नको. काळ्या मातीचे अतिसूक्ष्म कण ऋणभारित असल्याने परस्परांना दूर लोटतात व तरंगत राहतात. तुरटी फिरवताच तो भार निवतो आणि कण एकत्र येऊन तळाशी बसतात. लोह, शिसे यांसारखे धातू बहुधा अशाच कणांना चिकटून वाहतात. तेव्हा आजीची तुरटी काही अंशी धातूही खाली बसवीत असे. (मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांच्या घरी मात्र ती वैद्यकीय सल्ल्यानेच वापरावी, तिच्यात ॲल्युमिनियम असते.)

परंतु निवळ पाणी निर्धोक असेलच, असे नाही. प्रयोगशाळेत ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून जे पार होते, त्यास ‘विरघळलेले’ म्हणण्याचा प्रघात आहे. हे छिद्र ४५० नॅनोमीटरचे, तर नॅनोकण १०० नॅनोमीटरहूनही लहान. साहजिकच कण असूनही ते विरघळलेल्यांच्या पंक्तीस जाऊन बसतात. त्यांना वेगळे ओळखणारी ‘आयसीपी-एमएस’सारखी महागडी यंत्रे मोजक्याच ठिकाणी असतात. घरच्या पाण्यासाठी इतके खोल जाण्याचे कारण नाही. एकूण शिसे किती, एवढे कळले तरी पुरे.

शिशाचा उल्लेख मुद्दाम करतो. ते हाडांत दशकानुदशके साठून राहते आणि उतारवयात हाडे झिजू लागली की पुन्हा रक्तात उतरते. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे. उकळल्याने जंतू मरतात, धातू जात नाहीत. उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण किंचित वाढते.

गावपातळीवरील तपासणी संचात क्षार, फ्लोराइड, नायट्रेट, लोह इत्यादी पाहिले जाते. शिसे सहसा नाही. म्हणून ‘पाणी योग्य’ असा शेरा मिळाला, तरी जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत शिशाची तपासणी होते का, नसल्यास नमुना कोठे पाठवावा, हे आवर्जून विचारा. बाटली त्यांच्याकडूनच घ्या. धातू बाटलीच्या भिंतीस चिकटू नयेत म्हणून नमुन्यात आम्ल घालावे लागते. घरात नळ असल्यास दोन नमुने द्या: एक पहाटे प्रथम सुटलेल्या पाण्याचा, दुसरा पाच मिनिटे पाणी वाहू दिल्यानंतरचा. पहिल्यात शिसे अधिक निघाले, तर दोष बहुधा घरच्या नळजोडणीत किंवा तोटीत असतो, विहिरीत नव्हे.