तंबोऱ्याला जीव कोण देतो?

मैफिलीतला रसिक मान डोलावतो, ‘काय तंबोरे लागलेत!’ म्हणतो. अरे, पण तो बोलता केला कुणी?

मिरजेच्या शिकलगारानं. बापजाद्यांचा धंदा हत्यारांना धार लावायचा. इंग्रजी राज्यात तलवारीला गिऱ्हाईक उरलं नाही. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगारांनी हात तंतुवाद्यांकडे वळवला, असं मिरजेत सांगतात. पोट जाळायला निघालेल्या हातांनी अख्ख्या हिंदुस्थानी गाण्याला पाठीमागचा सूर दिला, दोस्तांनो!

भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. कडू, खायच्या कामाचा नाही. तो सुकवायचा, कापायचा, दांडी जोडायची, खुंट्या बसवायच्या. हे सुतारकाम म्हणा हवं तर. पण जवारी? घोडीचा माथा कानसीनं घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. केसभर जास्त गेलं की आवाज बसला. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा. त्या दोऱ्याचं नावच ‘जीव’. तो नेमक्या जागी आला की एका तारेतून दहा सूर झरतात.

ज्याला खरज कळत नाही त्याला ही कानस धरता येणार नाही. तरी गाणारा पंडित, उस्ताद, बुवा. आणि हा नुसता कारागीर. का? हाताला भुसा लागतो म्हणून? मी गोदीत माल उचलतो. पेटीचं वजन कुठं झुकतं ते माझ्या खांद्याला साहेबाच्या कागदाआधी कळतं. पण अक्कल कागदाची, खांद्याची फक्त हजेरी. हा हिशेब जुना आहे, आपल्याला तोंडपाठ आहे.

2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलं झालं. नकली मालाला कुंपण पडेल. पण मानांकन गावाच्या नावाला. त्यानं हजेरी वाढते का? इकडं मोबाईलमधला तंबोरा खिशात वाजतो, त्याला ना भोपळा लागतो ना जवारी. कारखान्यातला पोरगा दुसरं काम बघणारच. त्याला ‘परंपरा सोडू नकोस’ सांगणाऱ्यानं आधी त्याच्या मजुरीत एक महिना काढून दाखवावा.

आणि आपण? जलशातलं तुणतुणं कुणी बांधलं, त्याचं नाव आपल्यातल्या किती जणांना सांगता येईल?

मैफिलीच्या पत्रिकेवर मंडपवाल्याचंही नाव असतं. तिथं तंबोरा करणाऱ्याचं नाव छापा. संगीत महाविद्यालयात जवारी शिकवायला त्याला बोलवा, गुरुजी म्हणून, गुरुजींच्याच पगारावर. आणि मॅट्रिकचा दाखला मागू नका.