चव नोंदवहीतला एक रकाना

मा. शिक्षण संचालक (प्राथमिक), महाराष्ट्र राज्य, पुणे यांस,



15 ऑगस्ट 1995 रोजी शालेय आहाराची केंद्रीय योजना सुरू झाली तेव्हा मी जिल्हा परिषदेच्या एका शाळेत मास्तर होतो, आणि महिन्याकाठी 80 टक्के हजेरी भरणाऱ्या मुलास 3 किलो तांदूळ मोजून देण्याचे काम, पटावरची नावे उच्चारावीत तितक्याच निर्विकारपणे, कित्येक वर्षे केले. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या 28 नोव्हेंबर 2001 च्या हुकुमाने शिजवलेले अन्न देणे बंधनकारक झाले आणि कालांतराने आमच्याही व्हरांड्यात पंगत बसू लागली. पहिली ते पाचवीच्या मुलास 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ आणि 50 ग्रॅम भाजी, हे सरकारी माप मला मान्य आहे. माझी तक्रार निराळी आहे. अन्न वाढण्यापूर्वी शिक्षकाने ते चाखावे व चव नोंदवहीत तसे लिहावे, असा जो शिरस्ता आहे, त्याचे पर्यवसान वर्षानुवर्षे ‘चव चांगली’ या दोन शब्दांत होत आले आहे. मीही ते लिहिले आहेत, आणि कबूल करावयास हवे की क्वचित वरण न चाखताच लिहिले आहेत.

गरिबांच्या मुलांना योग्य आहाराच्या सवयी लावाव्यात असे सरकारदरबारी वारंवार बोलले जाते, आणि त्या बोलण्यात गरिबांच्या घरी आहाराचे ज्ञानच नसते असे एक गृहीत दडलेले असते, जे मला कदापि पटलेले नाही. हुलग्याचे माडगे आजाऱ्यास केव्हा द्यावे, अंबाडीचा आंबटपणा कण्या घालून कसा मोडावा, हे जिला आईच्या मांडीवर कळले, तिच्यापुढे समतोल आहाराचा रंगीत तक्ता धरणे हा उद्धटपणा होय. तिच्याजवळ उणीव आहे ती पैशाची आणि वेळेची. दिवस उजाडता खुरपणीला निघालेली ही बाई पोराच्या तळहातावर पाच रुपये ठेवते, आणि शाळेच्या फाटकाबाहेरील टपरीवर खिळ्याला लोंबणारी चटपटीत पुडी त्या पाच रुपयांची वाटच पाहत असते.

एके वर्षी चौथीच्या मुलांना मी एक अर्धी कोरी वही दिली आणि जेवणानंतर रोज एकाने, जे ताटात आले व जे ताटात उरले, ते त्यात लिहावे असे सांगितले. शेवग्याचा पाला पहिल्या दिवशी ‘कडू’ ठरला. पुढच्या आठवड्यात ‘लसूण घातल्यावर बरा’ अशी नोंद आली, आणि त्यानंतर पाला निवडावयास मुलेच स्वयंपाकघराच्या दाराशी जमू लागली. विज्ञानाच्या पुस्तकातील जीवनसत्त्वांचा धडा मी अनेकदा शिकवला होता, परंतु त्याने कोणाच्या ताटातला पाला पोटात गेल्याचे मला स्मरत नाही. एका मुलीने मात्र लिहिले, ‘आज वरणात डाळ दिसली नाही.’ मी ती ओळ शिजवणाऱ्या बाईंना वाचून दाखवली, तेव्हा त्या ओशाळल्या नाहीत की रागावल्या नाहीत. ‘गुर्जी, डाळ आलीच तेवढी,’ असे म्हणून त्यांनी डब्याचे झाकण उघडून दाखवले. त्या दिवशी आलेल्या मालाचे वजन मी नोकरीत प्रथमच स्वतः करून पाहिले.

म्हणून अर्ज एवढाच की, चव नोंदवहीत मुलांसाठी एक रकाना राखून ठेवण्याचे परिपत्रक आपल्या दप्तरातून निघावे, आणि त्या रकान्यात काहीही प्रतिकूल आले तरी शिजवणाऱ्या बाईंचे मानधन अडवले जाणार नाही वा मुख्याध्यापकाची कैफियत मागवली जाणार नाही, असे त्यात निःसंदिग्ध शब्दांत नमूद असावे. अन्यथा मुलेही आठ दिवसांत ‘चव चांगली’ लिहावयास शिकतील. नव्या छपाईची तरतूद करण्याचे कारण नाही. आहे त्याच वहीत पट्टीने एक रेघ ओढली म्हणजे झाले.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक