इसार देण्याआधी एक खड्डा

दिवाळी आली की जुन्या घरांचे व्यवहार जोर धरतात आणि आपले फोन वाजू लागतात. ‘साहेब, एकदा नजर टाकून जा, रविवारी इसार द्यायचाय.’ आपण जातो, तासाभरात घर फिरतो, भिंती ठोकून पाहतो आणि पाया ठीक आहे असे सांगून येतो. अकोला-अमरावतीपासून परभणी-सोलापूरपर्यंतच्या काळ्या मातीत असे सांगायला याहून वाईट महिना नाही.

या मातीतले माँटमोरिलोनाइट पाण्याने फुगते, उन्हाळ्यात आकसते. घराच्या कडेची माती आधी सुकते, मधली ओल धरून राहते. मग कोपरे खचतात आणि भिंतीला वर रुंद, खाली निमुळती होत जाणारी तिरकी भेग पडते. पावसाळा सरताना माती पुन्हा फुगलेली असते, भेग जवळजवळ मिटलेली असते, आणि तिच्यावर दिवाळीचा रंग चढलेला असतो.

मी स्वतः एका नोव्हेंबरमध्ये निवृत्त शिक्षक जोडप्याला असे घर ‘घ्यायला हरकत नाही’ म्हणून लिहून दिले होते. मे महिन्यात त्यांनी बोलावले तेव्हा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या भेगेत माझी करंगळी जात होती. फंडाची सगळी रक्कम त्यांनी त्या घरात घातली होती. ते मला एक शब्दही लावून बोलले नाहीत, आणि तेच अजून सलते.

भेगांचे वाचन आपल्याला येते. गच्चीच्या स्लॅबखालची आडवी भेग बहुधा उन्हाने स्लॅब सरकल्याची, तिचा दोष पायाला देऊ नये. भेग मिटवता येते, जोत्याची पातळी मात्र रंगाने लपत नाही. म्हणून पाण्याची लेव्हल ट्यूब घेऊन जोत्याचा एकच थर चारही बाजूंनी तपासावा. दारांच्या चौकटी काटकोनात आहेत का, दाराची कड कुठे रंधून कमी केली आहे का, हेही पाहावे. सेप्टिक टँक, न्हाणीचे सांडपाणी आणि भिंतीलगतचे मोठे झाड कोणत्या कोपऱ्याशी आहे ते नकाशावर मांडले, की निम्मे कोडे तिथेच सुटते.

पण माझा आग्रह खड्ड्याचा आहे. संशयित कोपऱ्याला लागून, पायाच्या तळापर्यंत, एकच अरुंद खड्डा. तळाच्या खाली कुदळ जाऊ देऊ नये आणि खड्डा रात्रभर उघडा ठेवू नये. पाया मुरमावर टेकला आहे की काळ्या मातीतच संपला आहे, हे त्याशिवाय कळत नाही. खोल काळ्या मातीत अंडर-रीम्ड पाइल किमान साडेतीन मीटर खाली न्यावी असे आपले मानक सांगते. जुन्या बैठ्या घरांचा पाया अनेकदा मीटरभरावरच थांबलेला सापडतो. खड्ड्यातली थोडी माती फ्री स्वेल चाचणीला द्यावी. 10-10 ग्रॅम माती, एक नळी पाण्याची, एक रॉकेलची, आणि 24 तास. यात खर्च तो काय! खड्डा बुजवताना मात्र सैल मुरूम किंवा वाळू भरू नये. भोवतालच्या चिकणमातीत तिथे पाणी साठते आणि आपणच त्या कोपऱ्याचे नुकसान करून येतो. निघालेली मातीच पातळ थरांत ठोकून भरावी.

घाई नसेल तर भेगेच्या दोन्ही बाजूंना स्क्रू बसवून पावसाळ्याआधी आणि नंतर कॅलिपरने अंतर मोजावे. भेगेवर चिकटवलेली काचेची पट्टी तुटली तर भेग हलली एवढेच कळते, किती आणि कोणीकडे ते कळत नाही.

इसाराच्या घाईत इतके थांबायला कोणी तयार नसते, हे खरे आहे. अशा वेळी अहवालात तपासणीची तारीख, त्या पंधरवड्यातला पाऊस आणि कपाटांमागे राहिलेल्या भिंती यांची नोंद असू द्या. मालकाने खड्डा घेऊ दिला नसेल तर ‘पाया पाहिलेला नाही’ हे वाक्य पहिल्याच पानावर, सहीच्या वर लिहा, आणि घेणाऱ्याला ते समोर बसवून वाचून दाखवा.