तेलाचा भाव नव्हे, मीटरचे तास बघा



गळीत हंगाम तोंडावर आला की ऊसनोंदीबरोबर एक प्रश्न आमच्याकडे हमखास येतो. ट्रॅक्टरला साधे ऑईल घालायचे की सिंथेटिक? दुकानदार सांगतो, महाग घ्या पण निर्धास्त राहा. गावचा मिस्त्री म्हणतो, कशाला पैसे घालवता? आमचे मत आम्ही स्पष्ट मांडतो.

साधे ऑईल खनिज तेल शुद्ध करून काढतात. सिंथेटिक ऑईल रासायनिक प्रक्रियेने एकसारखे घडवलेले असते. म्हणून ते कडाक्याच्या थंडीत थिजत नाही आणि जादा उष्णतेत लवकर खराब होत नाही. आधी ते जेट विमानांच्या इंजिनांना लागले. मोटारींसाठी १९७० नंतरच्या दशकात बाजारात आले. त्याचे गुण खोटे नाहीत. पण ते आपल्या कामाला किती येतात?

डब्यावर १५डब्ल्यू-४० असे लिहिलेले असते. त्यातला पहिला आकडा थंडीतल्या पातळपणाचा, दुसरा तापलेल्या इंजिनातल्या दाटपणाचा. १५ आकड्याचे तेल उणे २० अंशांवर तपासतात. कराड-वाळव्याच्या थंडीत आपला ट्रॅक्टर उणे २० अंश बघणार आहे काय?

आपल्याकडे ऑईल खराब होते ते काजळीने, धुळीने आणि त्यात उतरणाऱ्या डिझेलने. फडातल्या पाणंदीची धूळ, दोन ट्रेलरचा भार आणि वजनकाट्यावर नंबर लागेपर्यंत तासन्‌तास चालू ठेवलेले इंजिन, ही त्याची कारणे. एअर क्लीनर तुंबलेला किंवा त्याचा पाईप फाटलेला असेल, तर महागडे तेलही धुळीने तितकेच घाण होते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, अशी गत होते.

आता हिशोब करा. पुष्कळ ट्रॅक्टरच्या पुस्तकात २५० तासांनी ऑईल बदलायला सांगितलेले असते. इंजिन रोज १२ तास चालले तर २१ दिवसांत २५२ तास भरतात. १२० दिवसांच्या हंगामात १४४० तास, म्हणजे पाच-सहा वेळा ऑईल बदलायला हवे. पण खंडेनवमीला पूजा करून ऑईल बदलले की थेट पाडव्याला बघू, असे काही जण करतात. मग सिंथेटिक घालूनही इंजिन वाचत नाही.

ऑईल काळे झाले म्हणून घाबरू नका. डिझेल इंजिनातले ऑईल काजळी स्वतःत धरून ठेवते, म्हणून ते लवकर काळे होते. दुधासारखे पांढरट झाले तर मात्र पाणी शिरले आहे. इंजिन ताबडतोब बंद करा.

जुन्या, साध्या इंजिनाला पुस्तकातल्या ग्रेडचे, सीलबंद डब्यातले, पक्क्या बिलाचे साधे ऑईल पुरेसे आहे. त्याबरोबर ऑईल फिल्टरही बदलावा. ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरना मात्र १ जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू झाले आहेत. त्यांच्या पुस्तकात वेगळ्या दर्जाचे ऑईल सांगितले असेल तर तेथे काटकसर करू नका. सिंथेटिक घातले तरी तास वाढवायचे ते पुस्तक सांगेल तेवढेच.

हा प्रश्न एकट्या ट्रॅक्टर मालकाचा नाही. भर हंगामात वाहन बंद पडले की तोडलेला ऊस फडात वाळतो. वजन घटते ते त्या सभासदाचे, उतारा घटतो तो सर्वांचा. म्हणून वाहतुकीचा करार करताना मीटरचे तास आणि ऑईल बदलल्याची तारीख लिहिलेली वही बघितली जावी, असे आमचे आग्रहाचे म्हणणे आहे. दहा रुपयांच्या वहीने जे साधेल ते महागड्या डब्याने साधणार नाही.

— ऊस विकास अधिकारी